रेघ सरळच होती

घड्याळजीला सगळी गल्ली घड्याळजीच म्हणायची. बारक्या म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं, ती त्याची थोरली बहीण. तो सत्तावन्न वर्षांचा होता, केस विरळ झालेले, पोट थोडं सुटलेलं. पण ताई दुकानाच्या दारात उभी राहून "बारक्या!" अशी हाक मारायची, तेव्हा शेजारच्या बुटांच्या दुकानातली गिऱ्हाइकं कोण पोरगं आहे म्हणून वळून बघायची, आणि आतून हा एवढा गृहस्थ "आलो, आलो" करत बाहेर यायचा. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता नि ताई पंधराची. त्याच्या शर्टाची बटणं लावण्यापासून वडिलांच्या शेजारी स्टुलावर बसवून "आता काम शीक" म्हणण्यापर्यंत सगळं तिनेच केलं होतं. तिच्यापुढे त्याचं वय कधी वाढलंच नाही.

ताई नगरपालिकेच्या पाणीखात्यात नकाशे काढायची. कुठल्या रस्त्याखालून कुठला पाइप जातो, कुठे वळतो, कुठे झडप आहे, ते सगळं पातळ कागदावर काळ्या शाईने. तेहतीस वर्षं. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. निवृत्त झाल्यावर एका मैत्रिणीच्या नादाने ती रायफल क्लबात गेली. मैत्रीण दुसऱ्याच आठवड्यात कंटाळली आणि ही तिथेच रुतली. टेबलावर वाळूची पिशवी, पिशवीवर रायफल, मागे खुर्चीवर ताई. पन्नास मीटर नि शंभर मीटर अंतरावरच्या कागदाला बारीक भोकं पाडायची, एवढाच खेळ.

"यात काय मजा गं?" त्याने एकदा विचारलं होतं.

"गप्प बसायला मिळतं," ती म्हणाली. "आणि भोक पडलं की पडलं. साहेबांची सही लागत नाही त्याला."

साठी ओलांडलेल्यांच्या गटात ती लागोपाठ चार वर्षं पहिली आली.

पावसाळा संपता संपता एका दुपारी ती दुकानात आली ती तणतणतच. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला स्कोप काढून तिने काउंटरवर ठेवला. रायफलीवर बसवायची ही दुर्बीण त्याने आधी लांबून पाहिली होती, हातात पहिल्यांदाच आली. तिच्या डोक्यावर बाटलीच्या बुचाएवढा एक नॉब होता. नॉबवर गोल आकडे कोरलेले, आणि त्याखाली दुर्बिणीच्या अंगावर एक उभी रेघ. नॉब फिरवून हवा तो आकडा रेघेसमोर आणला की नेम वर किंवा खाली सरकतो. पन्नास मीटरला एक आकडा, शंभरला दुसरा. पण नॉब पूर्ण एक फेरी मारून पुन्हा त्याच आकड्यावर येतो, म्हणून कितवी फेरी चालू आहे ते कळावं यासाठी खाली केसासारख्या आडव्या रेघाही होत्या.

"फेरी मोजायला चुकले," ताई म्हणाली. "गोळी कागद सोडून वरच्या लाकडी चौकटीत. सेक्रेटरी धावत आला आणि मला विचारतो, काकू, बरं वाटत नाहीये का? मला!"

"असं होतं गं कधीतरी."

"माझं होत नाही. त्या रेघा आहेत का? मुंगीच्या मिशा आहेत! काळ्यावर करड्या. कंपनीने मांजरांसाठी बनवलाय की काय हा?"

त्याने डोळ्याला भिंग लावून पाहिलं. तिचं खोटं नव्हतं. कारखान्यात भरलेला रंग बोटांच्या घामाने बराच उडाला होता आणि उरलेला मळला होता. "ठेवून जा," तो म्हणाला. "उद्या ने."

खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला. वडिलांच्या वेळी त्या दुकानात डायल रंगवायला यायचे. पुसट झालेला आकडा तीन केसांच्या ब्रशने असा उठवायचा की मालकालाही ओळखू येऊ नये. आता लोक येत ते सेल बदलायला नाहीतर पट्टा कापायला, आणि पाच मिनिटांत जात. त्या संध्याकाळी त्याने स्पिरिटने रेघा धुतल्या. लाकडी काडीचं टोक तासून खाचांतला मळ उकरला. पांढरा तेलरंग दाट करून खाचेत दाबून भरला, थोडा सुकू दिला आणि कडक पुठ्ठ्याची कड रेघेला आडवी फिरवून वरचा रंग पुसून घेतला, म्हणजे खाचेत तेवढा राहतो. काळ्या धातूवर रेघ न् रेघ दुधासारखी उठून आली. तो स्वतःशीच हसला.

"वा रे बारक्या!" ताई दुसऱ्या दिवशी म्हणाली. आठवडाभर तिने क्लबात सगळ्यांना तो नॉब दाखवला. एक दंतवैद्य आणि एक बसचा निवृत्त ड्रायव्हर असे दोघे आपापले स्कोप घेऊन घड्याळजीकडे येऊनही गेले.

दीड महिन्याने ती परत आली. पांढरा रंग चकाकतो म्हणे. त्याने पांढरा काढून पिवळा भरला, चमक जाईल असा. फेऱ्यांच्या आडव्या रेघांपैकी पहिली हिरवी केली नि दुसरी लाल. यावर तरी ती खूश होईल असं त्याला वाटलं होतं. तिने स्कोप उचलून खिडकीकडे धरला. शूटिंगची टोपी तिच्या डोक्यावरच होती, आणि डाव्या डोळ्यापुढे टोपीला अडकवलेली पांढरी प्लॅस्टिकची पट्टी. नेम धरताना डावा डोळा मिटून थकू नये म्हणून हे लोक तशी पट्टी लावतात. ती म्हणाली, "रंग छान आहे. पण उभी रेघ वाकडी काढलीस."

"काढलीस म्हणजे? मी कुठे काढली? कारखान्यात कोरलेली आहे ती. मी फक्त रंग भरला."

"मग भरताना वाकडी झाली. हे बघ, इथे पोटात आलीये."

त्याच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. चाळीस वर्षांत त्याच्या कामाला कोणी वाकडं म्हटलं नव्हतं. त्याने भिंग लावलं, पोलादी पट्टी लावली, पट्टी आणि रेघ यांच्यात उजेडाची फट दिसते का ते बघितलं. रेघ सरळच होती. तसं तो म्हणालाही. ताई म्हणाली, "बारक्या, मी तेहतीस वर्षं सरळ रेघा काढल्या आहेत. मला शिकवू नकोस." आणि त्याने, धाकट्या भावाने करावं तेच केलं. मुकाट्याने रंग काढला आणि पुन्हा भरला.

तीन आठवड्यांनी तीच रेघ मधेच तुटलेली निघाली. त्याने पाहिलं, तुटलेली नव्हती. पुन्हा भरली.

घरी जेवताना त्याने हे सांगितलं तेव्हा त्याची बायको हातातला घास तसाच धरून थांबली. "तुम्ही रंग काय बदलत बसलाय? ताईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या."

"नेतो."

"विचारलंत का त्यांना?"

"विचारतो म्हटलं ना."

त्याने विचारलं. ताई म्हणाली, चष्मा गेल्याच वर्षी बदललाय, आणि चांगलं दिसतंय मला, पेपर वाचते की रोज. पेपर ती दोन्ही डोळ्यांनी वाचत होती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. तिने इतक्या ठामपणे सांगितलं की त्याला बरंच वाटलं. आणि एव्हाना त्याच्या डोक्यात दुसरीच कल्पना घोळायला लागली होती. नॉबच्या खाली घट्ट बसेल अशी ॲल्युमिनियमची कडी करायची, तिच्यावर रेघेऐवजी ठसठशीत त्रिकोण, लांबूनही दिसावा असा. त्याने कडी कानशीने घासून केसाइतकी नेमकी बसवली. काळी केली, त्रिकोण पिवळा केला. चार रविवार त्यात गेले. इतकं मन लावून त्याने कित्येक वर्षांत काही केलं नव्हतं. त्रिकोणाचं टोक तिला दिसलं. उन्हाळ्यापर्यंत तेवढ्यावर निभावलं.

मग एका सकाळी क्लबाच्या सेक्रेटरीचा फोन आला. सेक्रेटरी तसा कडक माणूस, पण आवाज अगदी खाली आणून बोलत होता. "तुम्ही काकूंचे भाऊ ना? जरा येऊन जाता का? नाही, लागलं-बिगलं काही नाही. पण या."

दुकानाचं शटर ओढून तो गेला. पत्र्याच्या शेडखाली ओळीने टेबलं होती. बाकीचे लोक मागे सरकून उगाच आपापल्या पिशव्या आवरत होते. ताई तिच्या खुर्चीवर बसली होती. रायफल रिकामी करून, बोल्ट उघडून, नळी समोर धरून तिने रीतसर ठेवली होती. टेबलावर निशाण्याचे तीन कोरे कागद होते.

"छापखान्याने घाण केलीये," ती त्याला म्हणाली. "तिन्ही कागदांवर मधोमध शाईचा डाग. मी बदलून मागतेय तर हा ऐकत नाही."

सेक्रेटरीने त्याच्याकडे पाहिलं. घड्याळजीने एक कागद उचलला. काळी गोल वर्तुळं, आणि मधे पांढरा ठिपका, स्वच्छ. "ताई," तो म्हणाला, "ती डोळ्यापुढची पट्टी काढ बघू."

तिने काढली. कागदाकडे पाहिलं. मग हाताने उजवा डोळा झाकला, मग डावा, मग पुन्हा उजवा. मग तिने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "चल."

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून तासभर बसवलं, फोटो काढले, यंत्रात हनुवटी टेकवून बराच वेळ आत पाहिलं. वयाने तिशीतल्या असतील, बोलायला शांत.

"सरळ रेघा वाकड्या दिसायला कधी लागल्या?"

ताईने भावाकडे पाहिलं. घड्याळजी म्हणाला, "सात महिने झाले."

"तुम्हाला इतकं नेमकं कसं आठवतं?"

त्याने खिशातलं भिंग काढून पुन्हा आत ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी आग्रह केला नाही. कागदावर डोळ्याचं चित्र काढून त्यांनी समजावलं. डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली नको त्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि पाझरतात. सुरुवातीला डोळ्यात इंजेक्शनं देऊन ते बऱ्याचदा आवरता येतं. यांच्या उजव्या डोळ्यात मधोमध आता वण झाला आहे. कडेचं दिसेल, मधलं नाही.

"म्हणजे आधी आलो असतो तर..." तो म्हणाला.

"ते आता नका मोजू," त्या म्हणाल्या. नाही असं त्या म्हणाल्या नाहीत. डाव्या डोळ्याला अजून काही नव्हतं, पण होऊ शकतं, म्हणून त्यांनी चौकटी चौकटींचा एक कागद दिला. रोज सकाळी उजवा डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं. चौकटी जराशा हलल्या, वाकल्या तरी त्याच दिवशी यायचं.

बाहेर बसथांब्याच्या बाकावर ताई बसली. ताईच्या डोळ्यांत थेंब घातल्यामुळे तिला उजेड सहन होत नव्हता, म्हणून तो तिच्या पुढ्यात उन्हाच्या बाजूला उभा राहिला. दोन बस गेल्या. तिसरी यायच्या आधी तो म्हणाला, "ताई, मी पोलादी पट्टी लावून बघितली होती. रेघ सरळ होती. मला तेव्हाच..."

"मला माहीत होतं," ताई म्हणाली.

त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"घरी खिडकीचे गज वाकडे दिसायचे. टोपीची पट्टी डोळ्यापुढे आली की दरवाजाची चौकट फुगायची. काढली की नीट. तेहतीस वर्षं काढल्यात मी रेघा, मला कळत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस गं?"

तिने डोळे किलकिले करून रस्त्याकडे पाहिलं. "तू रंग बदलून देत होतास ना. तू देत होतास तोवर दोष रंगाचा होता." मग म्हणाली, "आणि तुला इतकं छान वाटत होतं ते करताना."

तो तिच्याशेजारी बसला. रागावावं तर कोणावर? तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायची तसा, आणि त्याला भरून आलं. बस आली तेव्हा पाटीवरचा नंबर त्यालाही धड दिसला नाही.

त्यानंतर त्याने जे केलं ते करायला नको होतं हे त्यालाही कळत होतं. पण हात रिकामे राहिले की त्याला वेड लागायची पाळी यायची. त्याने नॉबवर आणि कडीवर बारीक उंचवटे बसवले, नखाला लागतील असे. पन्नास मीटरला एक, शंभरला दोन. डावखुऱ्या लोकांसारखी रायफल डाव्या खांद्याला लावायची, डाव्या डोळ्याने नेम धरायचा, खुणा बोटांनी चाचपायच्या. सेक्रेटरीने एका सकाळी बाकी कोणी नसताना रेंज उघडून दिली. स्वतः ताईच्या बाजूला उभा राहिला.

ताईने बोटांनी नॉब फिरवला. "एक," ती म्हणाली. "लागला हाताला. अगदी बरोबर जागी बसवलायस." डावा खांदा तिला जमेना. रायफल बगलेत घसरायची, गाल भलतीकडे टेकायचा. तरी तिने चिकाटीने पाच गोळ्या मारल्या. डावा डोळा चांगला होता, पण उभ्या जन्मात तिने त्या डोळ्याने नेम धरला नव्हता; दुर्बिणीतलं चित्र सारखं पळायचं. पाचपैकी दोन कागदावर लागल्या, त्याही कडेला. सहावी गोळी तिने भरलीच नाही.

"आणखी महिनाभर सराव केलास तर जमेल," तो घाईघाईने म्हणाला. "वाटलं तर उंचवटे थोडे..."

"बारक्या," ती म्हणाली, "नॉबला काही झालेलं नाही रे."

सेक्रेटरीने तोंड फिरवलं नि गोळीबार चालू असल्याचा लाल झेंडा उतरवायच्या निमित्ताने दोरीशी खुडबुड करत बसला. ताईने रायफल नेहमीसारखी पुसली, पेटीत ठेवली, आणि पेटी क्लबातच राहू दे म्हणाली. त्यानंतर ती क्लबात गेली नाही. दंतवैद्याने एक-दोनदा घरी येऊन नुसतं बसायला तरी या म्हणून आग्रह केला. "बसायला माझ्याकडे खुर्ची आहे," ती हसून म्हणाली.

दीड वर्ष डावा डोळा टिकला. रोज सकाळी साडेसातला ती चौकटींच्या कागदासमोर उभी राहायची, आणि रोज पावणेआठला घड्याळजीचा फोन जायचा. "सरळ?" "सरळ." एवढंच बोलणं. बायकोशीही तो त्यानंतरच बोलायचा. एका मंगळवारी तो म्हणाला, "सरळ?" आणि पलीकडून लगेच उत्तर आलं नाही.

त्याच दिवशी दहा वाजता ती दोघं दवाखान्यात होती. या वेळी उशीर झाला नव्हता. डॉक्टरीणबाईंनीही तसं म्हटलं. इंजेक्शनं सुरू झाली, महिन्याला एक. पहिल्या तिनांनी चौकटी परत जाग्यावर आल्या आणि घड्याळजीने गल्लीत सगळ्यांना सांगितलं. चौथ्यानंतर एक कोपरा पुन्हा लवला. औषध बदललं. तो कोपरा तसाच राहिला, पण पुढे सरकला नाही. मग थोडा सरकला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहींना असं होतं. आपण देत राहायचं. त्यांनीही यापेक्षा जास्त काय सांगायचं?

दर वेळी आत नेण्यापूर्वी त्या त्याला विचारतात, "तुम्हाला काही विचारायचंय?" येताना बसमध्ये त्याने मनाशी प्रश्न जुळवलेला असतो. मला काय करता येईल, हाच प्रश्न, निरनिराळ्या शब्दांत. एकदा त्याने विचारलाही. "वेळेवर घेऊन या," त्या म्हणाल्या, "तेच खूप आहे." तेव्हापासून तो तिला वेळेच्या तासभर आधीच आणून बसवतो.

परवाही तसंच झालं. दवाखान्याचं शटर अर्धंच वर होतं. झाडणारी बाई आतून म्हणाली, अजून अवकाश आहे. दोघं पायरीवर बसली. ताईने पर्समधून बिस्किटांचा पुडा काढला, चाचपत फोडला, त्याच्यापुढे धरला.

"इतक्या लवकर कशाला आणतोस रे?" ती म्हणाली. "झोप मोडते माझी."

"उशीर नको व्हायला."

तासाभराने दवाखाना उघडला, आतली बाकं भरली, आणि इंजेक्शनच्या खोलीतली मुलगी बाहेर आली, ताईला हाताला धरून उठवलं आणि तिचा चष्मा त्याच्याकडे दिला. खोलीचं दार लागलं. चष्मा कुठल्या खिशात ठेवावा ते त्याला सुचेना. वरच्या खिशात पेनं होती, काच चरेल. तो त्याने तसाच हातात धरला आणि भिंतीकडेच्या बाकावर इतरांमध्ये जाऊन बसला.